वाडवडिलांचा द्राक्षमळा



दर रविवारी अर्पणविधीच्या वेळी भाकरीबरोबर द्राक्षारस वेदीवर आणला जातो. हा द्राक्षारस द्राक्षांपासूनच केलेला, नैसर्गिक आणि न नासलेला असावा, असा ख्रिस्तसभेचा नियम आहे (धर्मसंहिता १९८३, कलम ९२४). म्हणजेच मिस्साबलिदान व्हायचे तर कोणीतरी, कोठेतरी, द्राक्षवेल लावलेला असावा लागतो. त्याला पाणी घातलेले असावे लागते, वेळच्या वेळी त्याची छाटणी झालेली असावी लागते. पुष्कळदा मळा लावणारा एक असतो आणि त्याची द्राक्षे खुडणारा त्याचा नातू किंवा पणतू असतो.

यावरून आम्ही आज एक प्रश्न आपणांपुढे ठेवू इच्छितो. वाडवडिलांनी लावलेला मळा ओसाड पडला असेल, तर तो पुन्हा उभा करणे हे आपले कर्तव्य आहे, की ती ज्याची त्याची हौस आहे? मेलेल्या माणसांचे आपण काही देणे लागतो का?

नाबोथाची गोष्ट (१ राजे २१) आपणांस ठाऊक आहे. इज्रेल येथे राजवाड्याला लागून त्याचा द्राक्षमळा होता. अहाब राजाला ती जागा भाजीच्या मळ्यासाठी हवी होती. राजाचे मागणे वरवर पाहता वाजवी होते. याहून चांगला मळा देतो, नाहीतर रोख किंमत मोजतो, असे तो म्हणाला. नाबोथाने नकार दिला आणि पुढे राणी ईजबेलच्या कारस्थानामुळे, खोट्या साक्षीवरून, त्याला दगडमार करून ठार मारण्यात आले. नाबोथाच्या नकाराचे कारण लक्षात घेण्यासारखे आहे. मळा माझा आहे म्हणून मी तो देणार नाही, असे तो म्हणत नाही. तो वाडवडिलांकडून आलेला आहे, म्हणून मला तो देता येत नाही, असे त्याचे म्हणणे. ज्याला आपण मालक म्हणतो, तो स्वतःला राखणदार समजत होता.

आता आपल्या काळातील उदाहरण पाहू. कॉकेशस पर्वताच्या पायथ्याशी जॉर्जिया नावाचा छोटा देश आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९९ मध्ये आणि पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्ये त्याला भेट दिली होती. तेथील बहुसंख्य लोक ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती आहेत. तेथे सुमारे ८००० वर्षांपूर्वी द्राक्षारस केला जात होता, हे जुन्या मडक्यांच्या खापरांच्या तपासणीवरून २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. चौथ्या शतकात तेथे सुवार्ता नेणाऱ्या संत निनो यांचा क्रूस द्राक्षवेलाच्या काड्या स्वतःच्या केसांनी बांधून केलेला होता, अशी परंपरा आहे. तेथील खेड्यांत घराला लागून बाग असते. तीत अक्रोड, डाळिंब, तुती आणि द्राक्षे एकत्र असतात. पश्चिम भागात तर द्राक्षवेल मांडवावर न चढवता झाडांवर चढवण्याची जुनी रीत आहे. रस आंबवण्यासाठी 'क्वेव्री' नावाचा मातीचा मोठा रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला असतो. पूर्वेकडील काखेती प्रांतात द्राक्षे साल, बी व देठांसह त्यात पाच-सहा महिने राहू देतात.

सोव्हिएत राजवटीत या बागांवर संकट आले. जमिनी सामुदायिक शेतीत गेल्या. कारखान्यांना थोड्याच जाती हव्या होत्या, म्हणून पाचशेहून अधिक देशी जातींपैकी बहुतेक बाजूला पडल्या. १९८५ मध्ये गोर्बाचेव्ह यांनी दारूविरोधी मोहीम काढली, तेव्हा पुष्कळ मळे उपटून टाकण्यात आले. तरीही अनेक कुटुंबांनी घरामागचा लहानसा तुकडा आणि अंगणातला रांजण टिकवून ठेवला. १९९१ मध्ये देश स्वतंत्र झाला आणि जमिनीचे छोटे छोटे तुकडे कुटुंबांकडे आले. २००६ मध्ये रशियाने जॉर्जियन द्राक्षारसावर बंदी घातली आणि मुख्य गिऱ्हाईकच गेले. याच वर्षांमध्ये काही मुलानातवंडांनी आजोबांचे रांजण पुन्हा धुऊन काढले आणि जुन्या जाती शोधून लावल्या. अलावेर्दीच्या मठातील साधूंनीही आपले जुने तळघर पुन्हा चालू केले. २०१३ मध्ये युनेस्कोने या रांजणपद्धतीची मानवजातीच्या वारशात नोंद केली.

ही हकिगत ऐकायला गोड वाटते. पण ओसाड मळा उभा करणे म्हणजे काय, हे करणाऱ्यालाच कळते. रांजण घासण्यासाठी माणसाला आत उतरावे लागते. नवा वेल लावला तर पुरेसे पीक यायला तीन-चार वर्षे जातात. मोशेच्या नियमशास्त्रात तर आणखी थांबायला सांगितले आहे. पहिली तीन वर्षे झाडाचे फळ खायचे नाही, चौथ्या वर्षीचे परमेश्वराला अर्पण करायचे आणि पाचव्या वर्षी स्वतः खायचे (लेवीय १९). जुना मळा जसाच्या तसा परतही येत नाही. एकोणिसाव्या शतकात फायलोक्सेरा नावाची मुळे खाणारी कीड अमेरिकेतून युरोपात आली आणि पुढे जॉर्जियातही पोचली. तेव्हापासून बहुतेक ठिकाणी अमेरिकन वेलाच्या खुंटावर देशी जातीचे कलम बांधावे लागते. आपल्या नाशिक-सांगलीचे बागायतदारही द्राक्षाचे कलम परदेशी खुंटावरच करतात, हे शेतकरी बंधूंना माहीत आहे. म्हणजे मूळ परके आणि फळ आजोबांच्या जातीचे! तरी त्याला कोणी खोटा वेल म्हणत नाही.

यातून आम्हांला वाटते ते असे. पूर्वजांशी एकनिष्ठ राहणे म्हणजे त्यांचा काळ परत आणणे नव्हे. तो परत येत नाही. त्यांनी ज्या मातीची सेवा केली, तिची सेवा आज जशी करता येईल तशी चालू ठेवणे, एवढेच आपल्या हाती आहे. आजोबांनी रहाट फिरवला म्हणून नातवाने पंप लावू नये, असे नाही.

येथे कोणी म्हणेल, 'फादर, बोलायला सोपे आहे. मुलीचे शिक्षण, आईचे आजारपण, घराचे कर्ज, हे सारे वाडीवर भागत नाही. मेलेल्यांना काही नको असते, जिवंतांना हवे असते.' हा आक्षेप खरा आहे आणि त्याला भावनेने उत्तर देता येणार नाही. जमीन माणसासाठी आहे, माणूस जमिनीसाठी नाही. ज्याने मुलाच्या उपचारासाठी तुकडा विकला, त्याने पाप केले असे आम्ही म्हणणार नाही.

पवित्र शास्त्रही तसे म्हणत नाही. लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात असे गृहीतच धरले आहे, की कधी एखादा भाऊ गरीब होईल आणि त्याला आपले वतन विकावे लागेल. विकणाऱ्याला त्या अध्यायात दोष दिलेला नाही. आज्ञा आहे ती त्याच्या जवळच्या नातेवाइकाला: त्याने पुढे यावे आणि भावाने विकलेले सोडवून घ्यावे. तेही न झाले तर पन्नासाव्या वर्षी, योबेल वर्षात, जमीन मूळ घराण्याकडे परत जावी. आपण मात्र उलट करतो. कोणी वाडी विकली की 'त्याने बापाची वाडी विकली' असे म्हणून मोकळे होतो. शास्त्र आपल्याला विचारते, त्याच्यावर ती वेळ आली तेव्हा तुम्ही भाऊबंद कोठे होता?

म्हणून सुरुवातीच्या प्रश्नाचे आमचे उत्तर असे आहे. जुना मळा राखणे हे कर्तव्य आहे, पण ते एकट्याचे नाही. ते साऱ्या घराचे आहे. सगळ्यांचे कर्तव्य एकाच्या खांद्यावर टाकून बाकीचे फक्त अभिमान बाळगत असतील, तर तो अन्याय आहे.

संत थॉमस अक्वायनस यांनी मालमत्तेविषयी एक उपयुक्त भेद केला आहे. वस्तू मिळवणे व सांभाळणे याबाबत खाजगी मालकी योग्य आहे, कारण माणूस आपल्या वस्तूची काळजी अधिक घेतो. पण तिचा उपयोग करताना मात्र ती सर्वांची आहे असे मानावे आणि गरजवंताला देण्यास तयार असावे. द्राक्षमळ्याच्या बाबतीत अनुवादाच्या पुस्तकात हे अगदी व्यवहाराच्या भाषेत आले आहे. खुडणी झाल्यावर राहिलेले घोस पुन्हा गोळा करायला जाऊ नये, ते परदेशी, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी असावेत (अनुवाद २४). पोप फ्रान्सिस यांनीही २०१५ च्या 'लावदातो सी' या परिपत्रकात पृथ्वी ही पुढच्या पिढीला सोपवायची उसनी ठेव आहे, याची आठवण करून दिली.

आता आपल्या घरात डोकावू या. आपल्या वसईत द्राक्षमळे नाहीत. आपल्याकडे केळी, पानवेली, नारळ आणि फुलझाडे यांच्या वाड्या आहेत. राजेळी केळ्यांची सुकेळी करणारी घरे आता मोजकीच आहेत. सातबाऱ्यावर सात-आठ नावे असतात आणि वाडीत राबतो एकच भाऊ. बाकीचे मुंबईला, आखातात किंवा कॅनडात. तो भाऊ बोअरवेलसाठी पैसे मागतो तेव्हा कोणाचा फोन लागत नाही. बिल्डरचा माणूस येतो तेव्हा सगळे एका दिवसात जमतात. आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. मृत्युपत्र नसेल तर १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यानुसार ख्रिस्ती कुटुंबात मुलगा व मुलगी यांचा वाटा सारखा असतो. तरी हक्कसोडपत्रावर सही करायला बहिणीलाच बोलावले जाते. बहिणीला गप्प बसवून उभी केलेली वडिलांची वाडी हा वडिलांचा सन्मान कसा म्हणता येईल?

द्राक्षारसाचा विषय निघाला आहे, तेव्हा तेही बोलतो. बायबलमध्ये पहिला द्राक्षमळा नोहाने लावला आणि पहिला झिंगलाही तोच (उत्पत्ती ९). काना गावच्या लग्नात प्रभूने द्राक्षारस दिला तो यजमानाची लाज राखण्यासाठी आणि सर्वांच्या आनंदासाठी. जॉर्जियातही मेजवानीत एकजण प्रमुख असतो. तो सांगेल त्या क्रमाने, कोणाची तरी आठवण करून पेले उचलले जातात. त्यांत मृतांची आठवणही असते. आपल्यातही नाताळासाठी घरी वाइन करण्याची रीत आहे. पण दारूने संसार मोडलेली घरे आपल्या धर्मग्रामात आहेत आणि त्या घरांतल्या बायकामुलांपुढे द्राक्षारसाचे गोडवे जपूनच गायला हवेत. मळ्याचे फळ घराला जोडते की घर फोडते, हे ज्याने त्याने प्रामाणिकपणे पाहावे.

या आठवड्यात एक लहान काम करू या. आपल्या कुटुंबाच्या वाडीत आज प्रत्यक्ष कोण राबतो, त्याला किंवा तिला भेटा, दूर असाल तर फोन करा. जमिनीचा भाव विचारू नका. यंदा पाणी किती दिवस पुरले, मजूर मिळतात का, कोणते झाड वठले, हे विचारा. जमल्यास एखादा दिवस फावडे घेऊन जा. बहिणींच्या वाट्याचा विषय टाळत आला असाल, तर तो काढा. विकायचे की राखायचे हे सर्वांनी मिळून, प्रार्थनापूर्वक ठरवा. पण ज्याच्या हाताला माती लागलेली आहे, त्याचे म्हणणे सर्वांत आधी ऐकून घ्या.

प्रभू आपल्या घरांना व वाड्यांना आशीर्वाद देवो.

ख्रिस्तात आपले,
प्रमुख धर्मगुरू