डोळ्यांची साक्ष

"म्या माह्या डोळ्यानं पाह्यलं." हे वाक्य आपण मोर्च्यात, ठाण्यात, कोर्टात ऐकतो. स्वतःही म्हणतो. या वाक्याचा माझा माज सेमाडोहच्या जंगलात उतरला.

मेळघाटात बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर मचाण बांधून जनावरं मोजतात. एका पौर्णिमेला मी, माझा एक कार्यकर्ता मित्र आणि सोबतीला आलेला एक कोरकू भाऊ असे तिघं मचाणावर होतो. मध्यरात्रीनंतर एक जनावर पाण्यावर आलं, प्यालं, निघून गेलं. मी म्हटलं, बिबट. कोरकू भाऊ हळूच म्हणाला, "तडस व्हय ते." मित्रानं कागदावर लिहिलं : बिबट.

सकाळी खाली उतरलो. ओल्या मातीत नखांसकट पावलं उमटलेली. बिबट नखं आत ओढून चालतो, तडसाला ती आत घेता येत नाहीत. मी मित्राला विचारलं, "याचं काहून नाही लिहिलं?" तो म्हणाला, "तू ठासून बोलला, तो चाचरत बोलला." चाचरत बोलला, कारण मराठी त्याची मायबोली नव्हती. आम्ही दोघं जय भीमवाले. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात कुणाचा साक्षीदार कोण हे वर्णावरून ठरतं, ते पुस्तक बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जाळलं, हे आम्ही भाषणात सांगतो. आणि त्या रात्री मचाणावर आम्ही काय केलं? साक्ष तोलली ती बोलणाऱ्याच्या भाषेवरून.

दोस्तहो, पाहणं वेगळं आणि ओळखणं वेगळं. मी जनावर पाहिलं हे खरं. ते बिबट होतं हे माझ्या मनानं जोडलेलं. त्यात लबाडी नव्हती. म्हणूनच ते जास्त धोक्याचं. खोटं बोलणारा उलटतपासणीत सापडतो. खरेपणानं चुकलेला सापडत नाही, कारण त्याचा आवाज कापत नाही. आणि लोक तर आवाजच तपासतात. ठासून बोलला की खरा, अडखळला की खोटा. न्यायवैद्यकाच्या पुस्तकात जुना हिशेब आहे की लख्ख चांदण्यातही ओळखीचा माणूस १७ यार्डांपलीकडून ओळखू येत नाही. आमचा पाणवठा त्याच्या दुप्पट लांब होता. तरी मी शपथ घ्यायला तयार होतो!

आता माणसांकडं येऊ. जून २००३ मध्ये नाशिकजवळ एका शेतावरच्या झोपडीत दरोडा पडला. पाच माणसं मारली गेली, बलात्कार झाले. वाचलेल्या बाईनं दोन दिवसांत पोलिसांच्या फोटोंतून चार जण ओळखले. त्या चौघांचा पुढं तपासच झाला नाही. नंतर पकडले गेले भटक्या जमातीतले सहा दुसरेच गरीब. ओळखपरेड झाली, तिथं ते ओळखले गेले. फाशी सुनावली गेली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांना फाशीच सुनावली. पुढं कळलं, त्यातला एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. ५ मार्च २०१९ ला त्याच न्यायालयानं सगळ्यांना निर्दोष सोडलं, पाच-पाच लाख भरपाई द्यायला सांगितली. सोळा वर्षं गेली ती गेलीच. त्या बाईला मी दोष देत नाही. तिचं घर उद्ध्वस्त झालं होतं. दोष तिचा पहिला शब्द बाजूला ठेवणाऱ्यांचा. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याला १९५२ मध्ये मूठमाती मिळाली, पण भटक्याचा चेहरा दिसला की गुन्हेगार ओळखू येतो, ही नजर काही रद्द झाली नाही.

इथं एखादा साथी चिडून म्हणेल, "डोळ्याची साक्ष चुकते हे तूच सांगतोस? मग आपल्या माणसाच्या साक्षीचं काय? विरोधी वकिलाच्या हाती सुरा देतोस!" त्याचा राग खरा आहे. बिहारात बथानी टोला, १९९६. लक्ष्मणपूर बाथे, १९९७, ५८ माणसं मारली. पाटणा हायकोर्टानं २०१२ मध्ये आणि २०१३ मध्ये आरोपी सोडले. म्हणे, साक्षीदार विश्वासाचे नाहीत.

पण नीट पाहा. दरोड्यात एकदा दिसलेला अनोळखी माणूस ओळखणं आणि ज्याच्या शेतात आपण वीस वर्षं राबलो त्या मालकाला ओळखणं, या दोन गोष्टी एक नाहीत. पहिल्यात चूक सहज होते. दुसऱ्यात चाल, आवाज, खाकरणं, शिवी, सगळं पाठ असतं. अंधार तिथंही फसवू शकतो, पण शंकेचं वजन सारखं नाही. व्यवस्था नेमकी उलटी चालते. भटक्याला अनोळखी डोळ्यानं ओळखलं तर लगेच पटतं, मजुरानं मालकाला ओळखलं तर शंका येते. म्हणून मी म्हणतो, शंका सोडू नका, तिची जागा बदला. माणसावर विश्वास ठेवा, ओळख तपासा. साक्षीदार आपला असला तरी तपासा.

आणि हे काम आपल्यापासून सुरू होतं. अत्याचार झाला की आपण गावात पोचतो. पहिलाच सवाल काय करतो? "अमुकच होता ना?" मोबाईलवर फोटो दाखवतो. त्या क्षणी आपणच साक्ष नासवतो. पुढं साक्षीदाराला आठवतो तो फोटो, माणूस नाही. त्यापेक्षा गप्प बसून ऐका. नाव सुचवू नका. त्याचे पहिले शब्द त्याच्याच बोलीत, त्याच दिवशी, तारखेसकट लिहून घ्या. किती अंतर, उजेड कशाचा, किती वेळ दिसला, आधी ओळख होती का, हे विचारा. "नक्की सांगता येत नाही" म्हणाला तर तेही लिहा. कच्च्या ओळखीवर उभी केस कोर्टात पडते, आणि तिच्यासोबत खरा साक्षीदारही खोटा ठरतो.

वाघ पायाच्या ठशांवरून मोजायचे, तेव्हा जाणकार ठामपणे सांगत की हा अमुक वाघ. मग २००५ मध्ये राजस्थानातल्या सरिस्कात एकही वाघ उरला नसल्याचं उघड झालं. त्यानंतर ती रीत मागं पडली, कॅमेऱ्यात पट्टे पाहून मोजणी सुरू झाली. वाघासाठी सरकारला पद्धत बदलता आली. मग माणसासाठी का नाही?

कुणी थोर म्हणतो म्हणून मानू नका, असं बुद्धानं कालामांना सांगितलं. मी स्वतः ठासून म्हणतो म्हणूनही मानू नये, हे मला त्या पौर्णिमेच्या सकाळी कळलं. कागदावरचं 'बिबट' खोडून आम्ही 'तडस' लिहिलं. कुणी ओळखलं, या रकान्यात कोरकू भाऊचं नाव लिहिलं. त्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "रात्रीच तं सांगतलं व्हतं."