ऊस तुटतो तेव्हा काय मरतं?

कडेगाव तालुका मूळचा दुष्काळी. टेंभू योजनेतून कृष्णेचं पाणी वर चढलं आणि माळांवर उसाचे फड उभे राहिले. तोड सुरू झाली की शेतकऱ्याला एकच घोर लागतो, गाडी वेळेवर यावी. वांगीच्या सोनहिरा कारखान्याकडे जायचा ऊस तुटून उन्हात पडला तर वजन घटतं आणि साखरेचा उताराही उतरतो. वजन पाणी उडाल्यामुळे घटतं. पण साखर कुठे जाते?

ती इन्व्हर्टेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, फोडतं. विकर हे एक प्रथिन. त्याच्या खोबणीत साखरेचा रेणू नेमका बसतो, ग्लुकोज आणि फ्रुक्टोजला जोडणारा बंध पाण्याच्या साहाय्याने तुटतो आणि विकर स्वतः खर्ची न पडता पुढच्या रेणूला धरतं. हेच काम नुसत्या पाण्यावर सोडलं तर शेकडो वर्षं लागतील.

हे विकर उभ्या उसातही असतंच. शेंड्याकडच्या वाढत्या कांड्यांत ते भरपूर, कारण वाढीला साधी साखर लागते. म्हणून वाढ्याजवळचं कांडं चघळलं तर फिकं लागतं. बुडख्याकडच्या पक्व कांड्यांत त्याचा जोर अगदी कमी. कोयता बसला की विकरावरचं हे नियंत्रण ढासळतं. ऊस मेला तरी विकर थांबत नाही, उलट मोकाट सुटतं.

मेल्यावर नेमकं काय जातं, हा एक जुना वाद इथेच जागा होतो. देहाहून वेगळा आत्मा न मानणाऱ्या चार्वाकांचं म्हणणं असं : मद्याच्या घटकांत सुटेपणी नशा नसते, किण्वासह, म्हणजे आंबवणासह, ते मुरले की येते, तशीच पृथ्वी, आप, तेज, वायू या चार भूतांच्या मेळातून जाणीव उपजते. ब्रह्मसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायावरील भाष्यात शंकराचार्यांनी याला उत्तर दिलं. जाणीव देहाचा धर्म असती, तर रूपासारखी ती प्रेतातही दिसली असती. देह आहे, जाणीव नाही. म्हणून ती देहाहून वेगळी.

किण्वाच्या दाखल्यापुरता निकाल चार्वाकांच्या बाजूने लागला, तोही जर्मनीत. आंबणं हे जिवंत पेशीचंच काम, असं लुई पाश्चर मानत. 1897 साली एदुआर्द बुखनर यांनी यीस्ट वाळूत घोटून, दाबून रस काढला. त्यात जिवंत पेशी नव्हती, तरी साखर घालताच बुडबुडे आले. 1907 साली त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. तो रस मात्र काही दिवसांत निकामी होई, कारण त्यातलीच प्रथिनं फोडणारी विकरं आंबवणाऱ्या विकरांचा फडशा पाडत. जिवंत यीस्ट आंबवणारी विकरं पुन्हा पुन्हा घडवतं.

म्हणजे मरणात नाहीशी होते ती द्रव्यं नव्हेत, त्यांची घडी. तुटलेल्या उसात साखर आहे, विकर आहे. कुठे काय चालावं आणि कुठे थांबावं, हा बंदोबस्त तेवढा गेला. हे ध्यानात घेतलं तर प्रेताच्या दाखल्यावरून वेगळा आत्मा सिद्ध होतो, असं म्हणणं अवघड आहे. घडी मोडल्यानेही जाणीव जाऊ शकते.

पण आचार्य तेवढ्यावर थांबले नव्हते. जाणीव भूतांचाच गुण असेल, तर ती भूतांनाच विषय कशी करते, असं त्यांनी विचारलं. अग्नी स्वतःला जाळत नाही, कसलेला नटही स्वतःच्या खांद्यावर चढत नाही. साखर फोडणाऱ्या विकराला साखर कळत नाही. शेतकऱ्याला तिची गोडी कळते आणि ती गेल्याची हळहळही. विकरांचं रसायन या दुसऱ्या प्रश्नाला अजून भिडलेलं नाही.