निळा ठिपका

पुण्यात नव्या पेठेत एक मुलगा राहत होता. शास्त्री रस्त्याजवळची अभ्यासिका, मेसचा डबा आणि वडिलांनी कर्ज काढून घेऊन दिलेली मोटरसायकल, एवढाच त्याचा संसार. स्पर्धा परीक्षेचा एक टप्पा पार पडला तसा तो महिनाभर गावी गेला. जाताना गाडी पुसली, कव्हर घातलं, हँडल लॉक केलं. जिवापाड जपायचा तो ती गाडी.

परत आला त्या सकाळी त्याने किल्ली फिरवली. मीटरवर अंधुक उजेड आला. सेल्फचं बटण दाबलं तर सीटखाली नुसती टकटक झाली आणि होता तो उजेडही तेवढ्यापुरता मावळला. बॅटरी उतरली होती. मुलाने तेच निदान केलं आणि ते अगदी बरोबर होतं.

गाडी बीएस-6 ची होती. 1 एप्रिल 2020 पासून हे प्रदूषणाचे निकष लागू झाले आणि बहुतेक नव्या मोटरसायकलींतला कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. त्यात पेट्रोल वर चढवणारा पंपही विजेवर चालतो आणि ठिणगी कधी टाकायची हे ठरवणारा मेंदूही, म्हणजे ईसीयूही, विजेवर. बॅटरी पुरती बसली असेल तर अशी गाडी धक्का देऊन सुरू होणं कठीण. या गाडीला किकही नव्हती. तरी दोन मित्रांनी म्हात्रे पुलाच्या दिशेने ती पळवत नेली आणि तिघेही घामाघूम होऊन परत आले.

शेजारच्या एका गृहस्थांनी आपल्या कारच्या जंपर केबल दिल्या. घाईत लाल चिमटा जिथे लागायचा तिथे काळा लागला. चट्‌कन मोठी ठिणगी उडाली. मुलाने दचकून चिमटे काढले आणि नीट जोडले. पण आता मघाचा अंधुक उजेडही येईना. इंडिकेटर नाही, हॉर्न नाही, टकटकही नाही.

मग नाना पेठ. दुचाकीचे सुटे भाग म्हटले की पुणेकराची पावलं तिकडेच वळतात. मुलाने नवी बॅटरी आणली, बसवली, किल्ली फिरवली. गाडी तशीच गप्प. बॅटरी उचलून पुन्हा दुकानात नेली, तर दुकानदाराने मीटर लावून 12.8 व्होल्ट दाखवले. त्याच्या मालात खोट नव्हती.

इथून सल्ल्यांना सुरुवात झाली. खोलीतला मित्र म्हणाला, "भावा, स्टार्टर रिले गेलाय, माझ्या गाडीचा असाच गेला होता." चहावाले मामा म्हणाले, "प्लग बदल, महिनाभर उभी गाडी आहे." अभ्यासिकेतला एकजण फोनमध्ये बघून म्हणाला, "ईसीयू जळला असणार. मोठा खर्च आहे." यांतलं कुणीही खोटं बोलत नव्हतं. ज्याने जे अनुभवलं किंवा वाचलं होतं ते तो सांगत होता. मुलाने रिले आणला, बदलला. प्लग आणला, बदलला. मेसचे पैसे संपत आले. ईसीयूची किंमत विचारली आणि त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो गाडी ढकलत सदाशिव पेठेतल्या एका गल्लीत घेऊन गेला. तिथे एक म्हातारे मिस्त्री बसत. त्यांचे हात तयार झाले ते लूना आणि चेतकच्या जमान्यात. दोन्ही गाड्या 1972 च्या आसपास रस्त्यावर आल्या आणि दोन्ही पुण्यातल्या कंपन्यांच्या. लूनाला पायडल होतं. चेतक सकाळी रुसली की तिला एका अंगाला कलती करायची, पुन्हा सरळ करायची आणि किक मारायची. तेव्हा बॅटरीवाचून अडत नसे. इंजेक्शनच्या गाड्या आल्यावर त्यांचे बरेच समवयस्क हे काम सोडून गेले. मिस्त्री मात्र उतारवयात पुन्हा शिकले, आणि माझ्या मते या गोष्टीत सगळ्यात मोठं काम ते आहे.

"काका, ईसीयू गेलाय," मुलगा म्हणाला. "किती लागतील?"

"काय गेलंय ते नको सांगूस," मिस्त्री म्हणाले. "काय झालं ते सांग. पहिल्यापासून."

मुलाने सांगितलं. महिनाभर गाव, अंधुक उजेड, टकटक, म्हात्रे पूल, केबल, नवी बॅटरी, रिले, प्लग.

"केबल लावताना ठिणगी उडाली?"

मुलगा जरा थांबला. "उडाली. उलटी लागली होती. पण लगेच काढली, काका."

"आणि तो अंधुक उजेड त्याच्या आधी होता की नंतर?"

"आधी होता. नंतर गेला."

मिस्त्रींनी अजून पान्याला हात लावला नव्हता. ते गाडीभोवती एक फेरी मारून आले आणि हँडलपाशी थांबले. तिथे मोबाइल चार्जर बसवलेला होता, आणि त्याच्या कोपऱ्यात मोहरीएवढा निळा दिवा लागलेला होता.

"सगळी गाडी मेली म्हणतोस. मग हा कसा जिवंत आहे?"

"तो लागलेलाच असतो," मुलगा म्हणाला.

"किल्ली तर तुझ्या खिशात आहे."

मुलगा गप्प झाला. हा दिवा त्याने रोज पाहिला होता. सल्ला देणाऱ्या प्रत्येकानेही पाहिला होता.

मिस्त्रींनी टेस्ट लॅम्प काढला. एक छोटा बल्ब आणि दोन तारा, एवढंच ते हत्यार. एक तार निगेटिव्हला धरली, दुसरी बॅटरीच्या पॉझिटिव्हला टेकवली. बल्ब लागला. मग मुख्य फ्यूजच्या अलीकडच्या टोकाला टेकवली. लागला. पलीकडच्या टोकाला टेकवली. अंधार.

"इथपर्यंत वीज येते, इथून पुढे जात नाही," मिस्त्री म्हणाले. "आता तूच सांग, रिले बदलून काय झालं असतं?"

फ्यूज बाहेर काढला तर आतली पट्टी वितळून तुटली होती. उलट्या जोडणीत जो प्रचंड प्रवाह धावला तो फ्यूजने स्वतः जळून अडवला होता. ज्याला सगळे बिघाड समजत होते त्यानेच बाकीची गाडी वाचवली होती. मुलगा नवा फ्यूज आणायला नाना पेठेत निघाला, तेव्हा मिस्त्रींनी फ्यूजच्या डबीचं झाकण उलटं करून दाखवलं. कंपनीने दिलेला जादा फ्यूज पहिल्या दिवसापासून तिथेच होता.

तो लगेच घालायची मुलाला घाई झाली. मिस्त्रींनी थांबवलं. आधी आत कुठे तार बॉडीला टेकलेली नाही ना ते तपासलं, कारण तसं असतं तर हाही फ्यूज उडाला असता. मग जेवढ्या अँपिअरचा जुना होता तेवढ्याच अँपिअरचा नवा बसवला. या जागी जाड फ्यूज घालणारे, सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणारे लोक आहेत. त्यांनी हे कृपा करून थांबवावं. फ्यूज उडाला नाही तर वायरिंग जळतं, आणि ते जळतं पेट्रोलच्या टाकीखाली.

किल्ली फिरली. मीटर उजळलं, पंपाची बारीक घरघर ऐकू आली. साइड स्टँड वर, गाडी न्यूट्रलला, सेल्फचं बटण. गाडी एका दमात सुरू झाली. मुलाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने पाकीट काढलं.

"गाडी सुरू झालीय," मिस्त्री म्हणाले. "काम झालेलं नाही. फ्यूज का उडाला ते कळलं. बॅटरी का उतरली ते कुठे कळलंय?"

इंजिन चालू असतानाच त्यांनी बॅटरीला मीटर लावला. उलट्या जोडणीत कधी कधी रेक्टिफायरचे डायोडही जातात, मग बॅटरी चार्जच होत नाही. काटा 14.1 व्होल्टवर स्थिरावला. चार्जिंग ठीक होतं. मग गाडी बंद केली, किल्ली काढली, निगेटिव्ह तार सोडवली आणि बॅटरी व तार यांच्यामध्ये मीटर जोडला. गाडी झोपलेली असूनही 20 मिलीअँपिअर वाहत होते. चार्जरची तार काढताच आकडा एखाद-दोन मिलीअँपिअरवर आला. तेवढं तर गाडीच्या मीटरमधल्या घड्याळालाही लागतं.

मिस्त्रींनी खडूने जमिनीवर हिशेब मांडला. 20 मिलीअँपिअर म्हणजे दिवसाला सुमारे अर्धा अँपिअर-तास. बॅटरी 5 अँपिअर-तासांची. म्हणजे दहा दिवस. मुलगा गावी राहिला महिनाभर. रिकाम्या पडलेल्या शिशाच्या बॅटरीत प्लेटांवर सल्फेटचे खडे घट्ट होत जातात आणि मग ती चार्ज घेत नाही. जुनी बॅटरी अशी गेली होती. नवीही पुढच्या सुट्टीत अशीच गेली असती, आणि मुलाने तिसरी आणली असती.

चार्जर बसवणाऱ्याने तार थेट बॅटरीला जोडली होती. ते सोपं पडतं. मिस्त्रींनी ती किल्लीच्या पलीकडच्या लाइनवर घेतली. आता किल्ली काढली की निळा दिवाही विझू लागला. त्यांनी फक्त त्या तारेची मजुरी घेतली. रिले आणि प्लग दुकानाने परत घेतले नाहीत. विजेचा माल सहसा परत घेत नाहीत.

मुलगा पुढच्या परीक्षेला त्याच गाडीवरून गेला. वर्षभरात बॅटरीने एकदाही दगा दिला नाही. मिस्त्रींच्या गल्लीतून जाताना तो थांबतो, चहा आणतो, आणि कुणी गाडी ढकलत आलं की आधी विचारतो, "काय झालं ते पहिल्यापासून सांगा."

तुमची गाडी आठवड्याहून जास्त उभी राहणार असेल, दिवाळीला गावी जाणार असाल, मुलीकडे परदेशी निघाला असाल, तर जाण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह तार सोडून ठेवा. काढताना निगेटिव्ह आधी, जोडताना निगेटिव्ह शेवटी.