धागा तुटेपर्यंत

सोलापुरात जुनी गिरणी १८७७ साली सुरू झाली. ती गेली, तिचा भोंगाही गेला; पूर्वभागातल्या यंत्रमागांचा खडखडाट मात्र अजून आहे. तिथे विशीतला एखादा मुलगा बारा बारा तास मागांमध्ये उभा असतो. धागा तुटला की जोडायचा, कांडी संपली की बदलायची. सारे सुरळीत चालले असेल तोवर त्याची कोणाला आठवण नसते.

आजोबांचा हातमाग बरा होता, असे मला म्हणवत नाही. तिथे हातपाय आपल्या लयीने चालत हे खरे. पण लयीने पोट भरत नाही.

मग मजुरी वाढली म्हणजे प्रश्न मिटला काय? ती वाढलीच पाहिजे, त्यात वाद नाही. परंतु बाप पोराला (घरात बहुधा तेलुगूत) सांगतो, "पुण्याला जा, काहीही कर, माग धरू नको," तेव्हा तो नुसता पैशाचा हिशेब मांडत नसतो.

सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळाले, गावाचे नाव कापडाला लागले. ते कापड आपण विणले, असे त्या मुलाला कधी वाटते का, हे विचारायला मी मागाजवळ गेलो. खडखडाटात त्याला काही ऐकू आले नाही. कुठे धागा तुटला म्हणून मी आलो असे समजून तो ताण्याकडे पाहू लागला.