हिस्सा देणे आणि शरीक होणे

वाटून घेण्यासाठी इंग्रजीत ‘शेअर’ हा शब्द सर्वांनाच ठाऊक आहे. ‘पार्टेक’ मात्र आपल्याकडे पुस्तकातच राहिला. हे दोन शब्द शेजारी ठेवले, की देण्या-घेण्याचा एक जुना प्रश्न उभा राहतो.

‘शेअर’च्या मुळाशी जुन्या इंग्रजीतला ‘कापणे’ हा अर्थ आहे. लोकर कातरण्याचे ‘शिअर’ आणि नांगराच्या फाळाचे ‘प्लाउशेअर’ ही त्याचीच भावंडे. कापणाऱ्याच्या हाती सुरी असते. कुणाला किती, हे तोच ठरवतो.

‘पार्टेक’मधला ‘पार्ट’ लॅटिनचा, फ्रेंचमार्गे आलेला. ‘टेक’ नॉर्स भाषेतला. लॅटिन ‘पार्टिसेप्स’च्या धर्तीवर आधी ‘वाटा घेणारा’ हे नाम घडले आणि त्यावरून १६व्या शतकात क्रियापद निघाले. अन्नपाण्यासाठी त्याच्यापुढे ‘ऑफ’ येते, कार्यात सामील होण्यासाठी ‘इन’. एखाद्याच्या वागण्यात गर्वाची छटा असेल, तर तिथेही ‘ऑफ’सह हेच क्रियापद चालते. यात कापणारा कुणीच नाही, सगळे घेणारेच.

आपल्या बोलीत हाच फरक ‘हिस्सा’ आणि ‘शरीक’ या दोन अरबी शब्दांत आहे. हिस्सा दुसऱ्याच्या हाती पाठवता येतो. शरीक स्वतःलाच व्हावे लागते.

बकरी ईदला गोश्ताचे तीन हिस्से करण्याची रीत आहे. गरिबांचा हिस्सा आपण दारातून देतो, घेणारा दारातूनच परततो. हिस्सा पोचला, पण तो आपल्या ईदमध्ये शरीक झाला का? कुणी म्हणेल, भुकेल्याला आधी घास हवा, सोबत नंतर. ते खरेच आहे. गाजावाजा न करता दिल्याने घेणाऱ्याची अब्रूही राखली जाते. म्हणून हिस्सा थांबता कामा नये. पण नेहमी एकच हात वर राहिला, तर देणाऱ्याला आपल्या हाताचाच अभिमान चढतो.

आमची अम्मी धुणीभांडी करणाऱ्या मावशींकडे शीरखुर्मा पाठवायची. मावशी भांडे कधी रिकामे परत करत नसत. कधी मूठभर शेंगा, कधी ज्वारीची भाकरी. अम्मी ती भाकरी आमच्यासाठी ठेवत नसे. मावशींना समोर बसवून, तिचे दोन तुकडे करून, दोघी मिळून खात.

तेव्हा देणारी कोण आणि घेणारी कोण, हे मला आजही सांगता येत नाही.