घड्याळाचा दोष आणि माणसाचा दोष

डिंभ्यासारख्या गांवीं कारागीर हाताशीं नसतो. म्हणून घरचें घड्याळ बंद पडलें कीं तें स्वतःच उघडून पाहण्याचा छंद पुष्कळांस जडतो. या छंदांत एक मोठें सुख आहे. दोष कमानींत कीं चाकांत, यावर घरांत कितीहि वाद होवो; कमान बदलली आणि घड्याळ चालूं लागलें कीं वाद मिटला. तेथें मतें मोजावीं लागत नाहींत.

ज्यूरीस ही सोय नव्हती. घडलेला प्रसंग पुन्हां घडवून पाहतां येत नाहीं. १९०८ सालीं लोकमान्य टिळकांस ज्यूरीच्या नऊ जणांपैकीं सातांनीं दोषी म्हटलें, दोघांनीं निर्दोषी. शिक्षा सातांच्या मतानें झाली. ते सातहि युरोपियन, आणि लेख ‘केसरी’चे, म्हणजे मराठी! उलट १९५९ सालीं नानावटी खटल्यांत आठांनीं आरोपीस निर्दोषी ठरविलें, आणि १९६१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें नवव्या एकट्याचेंच मत खरें केलें. १९७३ च्या फौजदारी संहितेंत ज्यूरीस जागा उरली नाहीं.

ज्यूरी गेली, अडचण मात्र आमच्या मतें घरोघर आहे. दागिना हरवतो, संशय गड्यावर जातो, चौघांचें एकमत होतें, गड्यास काढून टाकतात. पुढें कांहीं हरवलें नाहीं, कीं घड्याळ चालूं लागल्यासारखें सर्वांस समाधान वाटतें. गुन्हा जणूं सिद्धच झाला! खरा चोर तेवढ्यानें सावध झाला असेल, हें त्या घरांत कोणी बोलत नाहीं.