भोजाची पत्रिका आणि लाकडी ठोकळे

धारच्या भोजराजाची एक गोष्ट मेरुतुंगाने १३०५ च्या सुमारास ‘प्रबंधचिंतामणी’त लिहून ठेवली आहे. लहानग्या भोजाची पत्रिका पाहून ज्योतिषी म्हणाला, हा पंचावन्न वर्षांहून अधिक काळ राज्य करील. झाले, काका मुंजाने पोराला मारण्याचा हुकूम सोडला. भोजाने मारेकऱ्यांच्या हाती एक श्लोक पाठवला, तो वाचून मुंज ओशाळला आणि पोर वाचले. इतिहासाला ही कथा मान्य नाही. मुंजानंतर गादीवर आला तो भोजाचा बाप सिंधुराज. पण मुलाचे भाकीत मोठ्यांच्या हाती पडले की मूल बाजूला राहते आणि भाकीतच वागवले जाते, हे त्या कथेने बरोबर हेरले आहे.

धर्मशास्त्रालाही भाकिताचा हा मोह आवरला नाही. कोकणचा शिलाहार राजा अपरार्क बाराव्या शतकात याज्ञवल्क्यस्मृतीवर टीका लिहिताना मार्कंडेय पुराणाच्या आधाराने एक परीक्षा सांगतो. उष्टावणाच्या दिवशी देवापुढे शस्त्रे, पोथ्या, कारागिरीची हत्यारे मांडायची आणि मूल खाली सोडायचे. ते पहिला हात कशाला घालते, तो त्याचा चरितार्थ. हीच जीविकापरीक्षा. हल्ली पोथीशेजारी स्टेथोस्कोप असतो, इतकेच.

बुद्धी जन्माबरोबर येते की इथे घडते? गीतेचा सहावा अध्याय दोन्ही सांगतो. योगभ्रष्टाला मागच्या देहातली बुद्धी पुन्हा लाभते असे तो म्हणतो. त्याआधी, चंचल मन अभ्यासाने आणि वैराग्याने आवरते असेही म्हणतो. त्यावर ओव्या रचणारे ज्ञानेश्वर तेव्हा परंपरेच्या हिशेबाने पंधरा वर्षांचे होते. वारकरी त्यांना अवतार मानून हा प्रश्न मिटवतात. शेजारच्या पाळण्यातल्या बाळाबाबत मात्र तो मिटत नाही.

विज्ञानाने तो मोजपट्टीने सोडवायला घेतला. आल्फ्रेड बिने याने १९०५ मध्ये पॅरिसला बुद्धिमापनाची पहिली श्रेणी केली ती शाळेत मागे पडणारी मुले ओळखून त्यांना मदत देण्यासाठी. बुद्धी जन्मभर तेवढीच राहते या मताला त्याचा विरोध होता. पुढे नॅन्सी बेली हिने कॅलिफोर्नियातल्या बर्कली येथे १९२८ पासून एकसष्ट बाळांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला. निष्कर्ष आईबापांना न रुचणारा निघाला: पहिल्या वर्षातल्या गुणांवरून शाळकरी वयातली बुद्धी जवळजवळ सांगताच येत नाही. कारण अगदी साधे आहे. सहा महिन्यांच्या बाळाकडून कडी पकडणे, घंटेकडे मान वळवणे एवढेच तपासता येते. दहा वर्षांच्या मुलाकडून भाषा आणि तर्क. नाव एकच, मोजलेली वस्तू वेगळी.

बडोद्याला प्रमिला फाटक यांनी बेलीच्या चाचणीवरून भारतीय बाळांसाठी मापनश्रेणी बसवली. अडीच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी तिच्यात हालचालींच्या ६७ आणि मानसिक विकासाच्या १६३ कसोट्या आहेत. वेळेआधी जन्मलेल्या किंवा जन्मताच गुदमरलेल्या बाळाची वाढ मागे पडते आहे का, हे तिने कळते आणि उपचार लवकर सुरू करता येतात. हे मोलाचे काम आहे. ‘तुमचा मुलगा हुशार निघेल’ असा दाखला देणे हे तिचे काम नव्हे.

धार जिल्ह्यातल्या अमझेऱ्याकडे वळले की अडचण आणखी वाढते. भोवतालच्या फळियांतले, म्हणजे पाड्यांतले, पोर भिलीत बोलते, बाजारात माळवी ऐकते आणि शाळेत त्याला हिंदी भेटते. समजा, चार वर्षांच्या अशा मुलाला कोणी हिंदीत सांगितले, ठोकळ्यांचा पूल कर. ते गप्प बसले, तर शून्य गुण कशाला मिळाले: बुद्धीला, भाषेला, की अनोळखी माणसाच्या भीतीला?

भाषा नको म्हणून फ्लॉरेन्स गुडइनफ हिने १९२६ मध्ये ‘माणूस काढ’ ही चाचणी आणली. मान, बोटे, कपडे असे तपशील मोजायचे आणि गुण द्यायचे. झाबुआ-अलीराजपूरकडच्या भिंतींवरील पिठोरा चित्रांत मात्र चित्रकाराचा सारा जीव घोड्यांवर असतो. तिथल्या पोराने माणूस चार रेघांत उरकला आणि घोडा मन लावून रंगवला, तर त्या घोड्याला गुण नाहीत. १९५० मध्ये खुद्द गुडइनफने, डेल हॅरिसबरोबर लिहिताना, संस्कृतीच्या पलीकडची चाचणी शोधणे हा भ्रम असल्याचे मान्य केले. तोवर तिच्या चाचणीला चोवीस वर्षे होऊन गेली होती.